तंग आवळला की उधळते: गिरणाऱ्याच्या एका घोडीचं प्रकरण

मालक द्राक्षबागायतदार. नाशिकहून गिरणाऱ्याच्या पुढे, गंगापूर धरणाच्या अंगाला त्यांची बाग. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही म्हणते. दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथून डिसेंबरात त्यांनी एक घोडी आणली. रंग कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी, कपाळावर चिमटीभर पांढरं, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकायला आलेली. मारवाडी म्हणून विकली, चार वर्षांची म्हणून विकली आणि ‘सवारीला तयार’ म्हणून विकली. नाव ठेवलं मैना. मी घोडे शिकवते. जानेवारीच्या शेवटी मला बोलावणं आलं तोवर तिच्या पाठीवरून तीन माणसं पडली होती. त्यातल्या एकाचं कॉलरबोन मोडलं होतं.

तक्रार एका वाक्याची होती. “खोगीर घालू देते ताई, माणूस बसला की फेकते.”

त्याच्या जोडीला एक मुदतही होती. पाडव्याच्या शोभायात्रेत नानांना मैनेवर मांड ठोकून जायचं होतं. फेटा, अंगरखा, सगळं ठरलेलं. राहिली होती फक्त घोडी.

आधी काय केलं होतं

वरातीला घोडे देणाऱ्या दोन पोरांना नानांनी काम दिलं होतं. त्यांची रीत जुनी आहे. अगाडी-पिछाडी बांधून घोडीला जागेवर खिळवायचं, खोगीर टाकायचं, तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, एका दमात शेवटच्या भोकापर्यंत ओढायचा. घोडीने पोट फुगवलं तर गुडघा मारून श्वास काढायचा आणि आणखी एक भोक. मग नांगरलेल्या रानात नेऊन वर एक धाडसी पोरगा बसवायचा. दमली की शहाणी होते, असा हिशेब.

या रीतीला मी सरसकट नावं ठेवणार नाही. नांगरटीत घोड्याला उंच उडता येत नाही आणि पडणारा माणूस निदान ढेकळांवर पडतो. ज्याने ही युक्ती काढली त्याला घोडी आणि माणूस दोन्ही कळत होते. पण कोवळ्या घोडीच्या कंडरांना असलं पाय रुतणारं रान फार महागात पडतं. शिवाय दमून गप्प उभं राहिलेलं घोडं काही शिकलेलं नसतं. रात्रीत चंदी (दाणा) खाऊन ताजं झालं की सकाळी पुन्हा पहिल्यापासून. मैना तर रोज आदल्या दिवसापेक्षा लवकर फेकायला लागली होती. पहिल्यांदा रानाच्या टोकाला, मग मध्यावर, शेवटी माणूस बसताक्षणी. घोडी शिकत नव्हती असं नाही. माणूस लवकर उतरवायला शिकत होती.

तोंडात काटेरी लगाम होता. ओझ्याच्या आणि सवारीच्या जनावरांसाठी 1965 साली जे नियम झाले त्यांत असल्या लगामाला बंदी आहे, तरी जत्रेत तो सर्रास टांगलेला दिसतो. पोरांनी शेवटी निकाल दिला की मानेवर केसांचा भोवरा आहे, घोडी खोडीलच निघणार, परत द्या. भोवरा होता खरा. त्याच्याकडे बघण्यात सगळ्यांचं लक्ष गेल्यामुळे असेल, पण पुढच्या पायाच्या कोपरामागे हात घालून कुणी बघितलं नव्हतं.

तपासणी

आधी तोंड उघडलं. खालच्या पुढच्या दातांपैकी मधली जोडी पक्की, तिच्या शेजारची अजून दुधाची: लहान, पांढरी, मुळाशी अरुंद. मधली जोडी साधारण अडीच वर्षांना येते, शेजारची साडेतीनला. म्हणजे घोडी चार वर्षांची नव्हती, तीनच्या आसपास होती. व्यापारी एखादं वर्ष वाढवून सांगतात, हे नानांना बैलांच्या बाजारामुळे नवीन नव्हतं. “दोनदाती निघाली म्हणा की,” एवढंच म्हणाले.

एका वर्षाने काय बिघडतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. घोड्याची हाडं खालून वर पक्की होत जातात. गुडघ्याच्या वरच्या हाडाची वाढ दोन-अडीच वर्षांत थांबते, पण पाठीच्या मणक्यांना पाच-सहा वर्षं लागतात. आपण बसतो नेमके त्या मणक्यांवर. तीन वर्षांच्या घोडीवर बसूच नये असं मी म्हणत नाही. हलका माणूस, थोडा वेळ, आठवड्यातून मोजके दिवस, एवढं चालतं. नांगरटीतली दमवणूक चालत नाही.

तोंडात आणखी एक गोष्ट सापडली. वरच्या दाढांच्या पुढे, लगाम जिथे टेकतो त्याच्या अगदी जवळ, हरभऱ्याएवढा दात. याला वुल्फ टूथ म्हणतात. सगळ्याच घोड्यांना तो त्रास देतो असं नाही, पण लगाम लागला की काहींना झिणझिणी येते. शिवाय याच वयात पुढच्या दाढांच्या दुधाच्या टोप्या सुटत असतात, हिरड्या हुळहुळ्या असतात. नव्या घोडीला लगामाची ओळख करून द्यायला तीन वर्षांचं वय तसं वाईटच. पशुवैद्यांनी गुंगी देऊन तो दात काढला आणि मी लगाम खुंटीला लावला. पुढचं सगळं काम म्होरकीवर, म्हणजे तोंडात काही न घालता, केलं.

पाठ दाबून पाहिली. मणक्याच्या दोन्ही बाजूंना थोडी कडक, पण हात ठेवला की ती पाठ खाली सोडून पळत नव्हती. खोगीर जत्रेतलं, मखमलीचं, दिसायला देखणं. घोडीवर ठेवून पुढून पाहिलं तर खांद्यावरच्या उंचवट्याला जवळजवळ टेकत होतं. तिथे दोन-तीन बोटं मोकळी राहायला हवीत. मागे ते शेवटच्या बरगडीच्याही पलीकडे गेलं होतं, म्हणजे बरगड्यांचा आधार नसलेल्या कमरेवर. ते खोगीर बाद केलं आणि माझं जुनं आणलं.

मग कोपरामागे हात घातला. डाव्या बाजूला केस उडालेले, कातडी जाड आणि गरम, मधोमध बोटभर लांब ओली जखम. उजवीकडे जखम नाही, पण सूज होती. तंग नायलॉनच्या पट्ट्याचा होता, कडा सुरीसारख्या. पशुवैद्यांनी जखम धुतली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. धनुर्वाताला घोड्याइतकं हळवं जनावर दुसरं क्वचित असेल, त्यामुळे घोड्याची जखम लहान असली तरी ती गोष्ट विसरायची नाही.

शेवटी टेप. छातीचा घेर 165 सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी 145. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले 11,880, की किलोत वजन येतं: साधारण 332. या आकड्याची गरज पुढे पडली.

तिन्ही गोष्टी सुट्या केल्या

खोगीर, तंग आणि माणूस मैनेवर नेहमी एकापाठोपाठ येत होते, दोन-चार मिनिटांत. त्यामुळे ती नेमकी कशाला भिते हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. उडायची ती माणूस बसल्यावर, म्हणून दोष माणसाच्या माथी. मी तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिवशी, एकेक करून तिच्यासमोर ठेवल्या.

नुसतं खोगीर, तंग न बांधता, हाताने धरून. मैना लसूणघास खात राहिली. एकदा मान वळवून खोगिराचा वास घेतला, पुन्हा घास.

नुसता माणूस, खोगिराशिवाय. वाळूच्या पोत्यांची पायरी रचली. बागेत द्राक्षांची प्लास्टिकची कॅरेट ढिगाने पडलेली असतात आणि सगळ्यांना तीच सुचतात, पण घोड्याचा पाय कॅरेटमध्ये अडकला तर पुढचं बघवत नाही. पोत्यांवर उभी राहून मी तिच्या पाठीवर पोटावर आडवी झाले. डोक्याशी चाचा होते. चाचा म्हणजे माझ्याकडचे साईस, घोड्यांची निगा राखणारे. घोड्यांत जन्म गेलेला माणूस. मैनेने मान वळवली आणि माझ्या बुटाचा वास घेतला. तीन माणसं फेकणारी हीच घोडी.

मग नुसता तंग. जखम पूर्ण भरल्यावर, रुंद सुती पट्टा, आवळला म्हणता येणार नाही इतका सैल. पट्टा पोटाखालून वर आला आणि घोडी बदलली. श्वास थांबला. शेपूट दाबली गेली. कान मागे, डोळा स्थिर. लाथ नाही, चावा नाही, काही नाही. दगड. चाचा म्हणाले, “हनुवटी बघ बेटा, सुपारी झाली.” खरंच, खालच्या ओठाखालचा एरवी लोंबता मऊ भाग आक्रसून सुपारीएवढी टणक गाठ झाली होती. पट्टा काढला. काही क्षण तशीच राहिली, मग लांब फुरफुरली आणि गाठ सुटली.

घोडं पेंड खात होतं ते इथे.

नानांचं वाक्य अर्धंच खरं होतं. खोगीर ती ‘घालू देत’ नव्हती. तंग आवळला की ती थिजत होती, आणि थिजलेलं घोडं लांबून शहाणं दिसतं. उभी असेपर्यंत सगळं ठीक. स्फोट व्हायचा पहिल्या पावलाला. पण पहिलं पाऊल पडायचं कधी? माणूस वर बसून टाच मारायचा तेव्हा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असल्यामुळे गुन्हा माणसाच्या नावावर लागला.

पहिलंच पाऊल का, याला कारण आहे. घोड्याला कॉलरबोन नसतं. (मैनेने पोराचं जे हाड मोडलं ते तिच्याकडे मुळात नाही.) त्याची छाती दोन पुढच्या पायांमध्ये नुसत्या स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते आणि प्रत्येक पावलाला ती त्या झोळीत हलते. पुढचा पाय मागे ओढणारे स्नायू नेमके तिथून जातात जिथे तंग बसतो. उभ्या घोड्याला तंग एका मापाचा वाटतो, चालत्या घोड्याला दुसऱ्या. त्यात कातडी सोललेली, पट्ट्याची कड धारदार, श्वास आधीच कोंडलेला. अशा घोडीला टाच मारली तर ती काय करणार?

तंगाचं काम

सगळ्यात जास्त वेळ यात गेला, आणि नानांची सगळ्यात जास्त चिडचिड याच काळात झाली. “नुसती कुरवाळताय ताई, बसणार कधी?” असं ते बांधावर उभं राहून विचारायचे.

जखम भरेपर्यंत म्होरकीवरचं काम चाललं होतं: चल म्हटलं की चालायचं, ‘हो’ म्हटलं की थांबायचं, छातीवर बोट टेकलं की मागे सरायचं, चारही पाय हातात द्यायचे. कातडी कोरडी झाल्यावर तंगाच्या जागी आधी नुसता तळहात. दाबायचा, तसाच ठेवायचा, आणि तिने श्वास सोडला की त्याच क्षणी काढायचा. घोडं दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतं. त्यामुळे हात काढण्याची वेळ चुकली तर सगळी मेहनत उलटी बसते. श्वास कोंडलेला असताना हात काढलात तर श्वास कोंडायला शिकवलंत. बांधावरून बघणाऱ्याला यात काहीच घडताना दिसत नाही.

हातानंतर लवचीक क्रेप बँडेज, गाठ न मारता. दोन्ही टोकं माझ्याच हातात, म्हणजे तिने धडपड केली तर सोडता येतात. बकल लावलेला पट्टा असा सुटत नाही, आणि न सुटणाऱ्या गोष्टीशी घोडी झगडली की ती झगडायलाच शिकते. बँडेजसह उभी राहायला लागल्यावर दोन पावलं. मग गोल, डावीकडे आणि उजवीकडे. प्रत्येक वेळी आधी हनुवटी बघायची. “सुपारी आहे का?” हा आमचा परवलीचा प्रश्नच झाला. सुपारी असेल तर पुढचं भोक नाही.

नायलॉनचा तंग टाकून दिला. रुंद सुती तंग आणला आणि नानांच्या घरच्या काकूंनी जुन्या गोधडीचा तुकडा दुहेरी शिवून त्याला खोळ केली. धुतली की उन्हात तासाभरात वाळते, कड कुठेही लागत नाही. बाजारात मेंढीच्या लोकरीच्या खोळी मिळतात, पण नाशिकच्या मार्चमध्ये त्यांत घाम साचतो. ही गोधडी बरी.

आवळायची रीतही बदलली. पहिल्यांदा खोगीर सरकणार नाही इतपतच. मग एक फेरी चालवायची. एक भोक, पुन्हा फेरी. मग दोन्ही पुढचे पाय एकेक करून हलकेच पुढे ओढायचे, म्हणजे तंगाखाली चिमटलेली कातडी सुटते. शेवटचं भोक बसायच्या आधी. दहा मिनिटांचं काम आहे आणि ते अजूनही रोज होतं.

थंडीचाही यात हात होता. जानेवारीत नाशिकचा पारा एक आकडी होतो, निफाडकडे तर त्याहून खाली. अशा सकाळी पाठ आणि छातीचे स्नायू आखडलेले असतात, आणि ती पोरं नेमकी पहाटे यायची कारण दिवसा त्यांना वराती असायच्या. मी काम ऊन वर आल्यावर घ्यायला लागले, तेही आधी झूल घालून दहा मिनिटं पायी फिरवून. फरक लगेच दिसला. सकाळच्या वेळेचं कौतुक मला आहे, पण आखडलेल्या घोडीला त्या कौतुकाचा उपयोग नाही.

चंदीही कमी केली. नाना प्रेमाने हरभरा भरपूर घालत होते. काम थोडं आणि हरभरा जास्त म्हणजे अंगात रग नुसती साठत जाते. कडबा, लसूणघास आणि मूठभर चंदी यावर आणली.

लांब दोऱ्या

साठ फुटांचं गोल कुंपण बांबूचं केलं, आत रेती टाकली. तिथे दोन लांब दोऱ्या म्होरकीच्या दोन्ही बाजूंना लावून, पट्ट्यावरच्या कड्यांतून घेऊन मी तिच्या मागे चालायची. थोडी बाजूला, म्हणजे तिला मी दिसत राहते. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण थेट मागचं आणि थेट कपाळापुढचं दिसत नाही. वर कुणी नसताना वळणं, थांबणं, निघणं सगळं ती इथे शिकली. नंतर वर बसल्यावर तिच्यासाठी नवं काय उरलं? फक्त वजन.

दुसरं काम उजव्या बाजूचं. आपल्याकडे घोड्याचं सगळं डावीकडून चालतं: धरणं, खोगीर, चढणं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, बरंचसं तो एकेका डोळ्याने वेगळं बघतो. डावीकडे रोज दिसणारा माणूस पाय टाकून वर आला की उजव्या डोळ्याला अचानक एक पाय आणि एक खांदा उगवतो. बरेच घोडे नेमक्या या क्षणाला बुजतात. म्हणून पोत्यांची पायरी दोन्ही बाजूंना लावली, खोगीर उजवीकडूनही घातलं, पाठीवर आडवं होणं दोन्हीकडून, पडल्या पडल्या हात पलीकडे हलवणं, रिकीब दोन्ही बाजूंना आपटवणं. चाचांना आधी हे फाजील वाटलं. मैना उजवीकडून खोगीर बघून पहिल्या दिवशी कुंपणाला जाऊन टेकली, तेव्हा त्यांनीच दुसरी पायरी रचायला घेतली.

मग दोऱ्यांवरच बागेत. पाखरं हाकलायला लावलेल्या चमकत्या पट्ट्या, मधूनच फटाका, फवारणीचा ब्लोअर, कॅरेट भरलेला ट्रॅक्टर. काढणीच्या दिवसांतली द्राक्षबाग म्हणजे कोवळ्या घोडीसाठी शाळाच आहे, फक्त इयत्ता आपण ठरवायची. आधी दूर ट्रॅक्टर उभा, मग दूर चालू, मग आपण त्याच्या मागून चालायचं. भीतीची वस्तू पुढे पळते आहे आणि आपण तिचा पाठलाग करतोय, हे घोड्यांना आवडतं. ट्रॅक्टरवाल्याला सांगावं लागतं की घोडी दिसल्यावर मुद्दाम हॉर्न देऊ नकोस. त्यालाही गंमत वाटत असते.

बसणं

याबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. हेल्मेट, छातीचं संरक्षक जाकीट, डोक्याशी चाचा, तंग दहा मिनिटांच्या रीतीने. पोत्यांवरून आडवी झाले, चाचांनी दोन पावलं चालवली, उतरले. उजवीकडून तेच. मग पाय पलीकडे टाकून, मानेवर वाकूनच बसले. एकदम ताठ झालं तर तिच्या डोळ्यामागे अचानक उंच काहीतरी उभं राहतं. हळूहळू सरळ झाले. “चल.” टाच नाही, ‘चल’ तिला दोऱ्यांवरून पाठ होतं. अर्धी फेरी, “हो”, उतरले. हनुवटी लोंबती. नाना बांधावर मोबाइल घेऊन उभे होते. “एवढंच?” म्हणाले. व्हिडिओ कुणाला दाखवण्यासारखा झाला नव्हता.

पुढचे दिवस चाचा धरून, मग लांब दोरीवर, मग सुटी. चालीनंतर दुडकी. एकदाच प्रसंग आला. शेजारच्या बागेत ब्लोअर अचानक सुरू झाला आणि माझ्याखालची पाठ उचलून कठीण झाली, खोगीर एका टेकाडावर ठेवल्यासारखं. श्वास बंद. अशा वेळी दोन्ही दोऱ्या खेचल्या तर घोड्याला जायला वरची दिशाच उरते. मी एकच दोरी उघडून तिचं नाक माझ्या गुडघ्याकडे वळवलं. मागचा एक पाय दुसऱ्याच्या समोरून गेला, पुन्हा गेला, तिसऱ्या पावलाला ती फुरफुरली. मागचे पाय आडवे चालत असताना घोड्याला पाठीची कमान करून उडता येत नाही, ती साधी यांत्रिक अडचण आहे. हे वळण मी बसायच्या आधी जमिनीवरून पक्कं करून घेतलेलं असतं. ऐन वेळी शिकवायची ती गोष्ट नव्हे. ब्लोअर चालू असतानाच आणखी दोन फेऱ्या मारल्या आणि थांबलो.

पाडवा

पाडव्याच्या पंधरवडाभर आधी नानांनी विषय काढला. घोडी चालते, दुडकते, वळते, थांबते, हे ते बघत होते. मग अडलं कुठे?

“नाना, मैना पाडव्याला नाही.”

“बरं. मग पुढच्या पाडव्याला.”

“पुढच्या पाडव्यालाही तुम्ही नाही, नाना.”

यावर ते जरा तापले. मग मी 332 चा आकडा काढला. घोड्याने स्वार आणि खोगीर मिळून आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत उचलावं, असं साधारण धरतात. घोड्यांवर 15 ते 30 टक्क्यांपर्यंत ओझं देऊन चाचणी झाली तेव्हा 25 टक्क्यांपासून पुढे स्नायू दुखल्याच्या खुणा दिसायला लागल्या, आणि ते घोडे पुरे वाढलेले होते. मैनेचा पाचवा हिस्सा 66 किलो. माझं वजन 54, खोगीर 8. मी कशीबशी आत बसते. नाना काही न बोलता पॅकिंगच्या शेडमध्ये गेले आणि द्राक्षांच्या वजनकाट्यावर उभे राहिले. काटा 92 वर गेला. खोगिरासकट शंभर. घोडी भरली, साडेतीनशे-पावणेचारशेची झाली, तरी हे गणित बसत नाही. मारवाडीत मोठ्या हाडाचे घोडे असतात. मैना त्यांतली नाही.

शोभायात्रेतले ढोल हा वेगळा मुद्दा होता आणि त्यावर वाद झालाच नाही. ढोलपथकाच्या मधोमध दोनच महिने शिकलेल्या घोडीला उभं करणं म्हणजे तिच्यापेक्षा रस्त्याकडेच्या लेकराबाळांशी खेळ, हे नानांना सांगावं लागलं नाही.

पाडव्याला नाना गेले ते वरातीच्या भाड्याच्या पांढऱ्या नुकऱ्या घोड्यावर. धिप्पाड, ढोलांत वाढलेला, दोन्ही बाजूंना पथकं वाजत असताना डुलक्या घेणारा. घोडा आणला होता त्याच दोन पोरांनी. एकाचा हात अजून गळ्यात होता. त्यांनी मैनेचं काय झालं विचारलं आणि काकूंची गोधडीची खोळ हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. नंतर कळलं की त्यांनी त्यांच्या एका घोडीसाठी तशीच शिवून घेतली. भोवऱ्याबद्दल मात्र त्यांचं मत कायम आहे.

आत्ता

मैना नानांच्या मुलीसाठी ठरली आहे. मुलगी कॉलेजात, वजनाने हलकी, पण घोड्यावर कधी बसलेली नाही. नवखा स्वार आणि नवखं घोडं ही जोडी मी लावत नाही. ती सध्या माझ्याकडच्या एका म्हाताऱ्या, सगळं माफ करणाऱ्या घोड्यावर शिकते आहे. मैनेचं जमिनीवरचं काम आणि तंग तिनेच करायचा असं ठरलंय, आणि त्यात ती चांगली आहे; घाई करत नाही.

दोन गोष्टी बाकी आहेत. दौड अजून लांब दोरीवर, मोकळ्या खोगिरानेच होते, वर माणूस असताना नाही. दौडीत छाती सगळ्यात जास्त फुलते, तंगाचा जुना हिशेब पुन्हा वर यायचा तर तो तिथे येईल, म्हणून ते पावसाळ्यानंतर. तसंही जून ते सप्टेंबर गिरणाऱ्याकडच्या काळ्या मातीत घोडं चालवणं म्हणजे नाल गमावणं. एप्रिलमध्ये खरड छाटणीची गडबड सुरू झाली की काम सकाळच्या अर्ध्या तासावर येईल, पाऊस लागला की मैना चरायला मोकळी, आणि दसऱ्यानंतर पुन्हा सुरुवात. तोवर पाठीचा आकार बदललेला असेल, खोगीर नव्याने बसवून बघावं लागेल.

दुसरा लगाम. तो अजून तिच्या तोंडात गेलेला नाही. मधल्या दातांच्या शेजारची जोडी साडेतीनच्या सुमारास बदलेल. ती येऊन हिरड्या बसल्या की साधा, गुळगुळीत, मधे जोड असलेला लगाम चालवून बघू. नानांनी तो काटेरी लगाम भंगारात द्यायला काढला होता. मी मागून घेतला, नव्या मालकांना दाखवायला कामी येतो.